ऑगस्टातील घर आणि दोन बहिणींचे गाणे

अमेरिकेत ओहायो नदीच्या केंटकी राज्याकडील काठावर ऑगस्टा नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील एका घराच्या दारात थांबणाऱ्या पर्यटकांचा पहिला प्रश्न हॉलिवूडचा नट जॉर्ज क्लूनी याच्याविषयी असतो, आणि याचा मला त्या दिवशी आलेला राग अजून पुरता ओसरलेला नाही. घर त्याच्या आत्याचे आहे. रोझमेरी क्लूनी ही १९५० च्या दशकातील अमेरिकेची अत्यंत लोकप्रिय गायिका आणि चित्रपट अभिनेत्री होती. १९५३ साली ती ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकली, आणि १९८० मध्ये तिने घेतलेल्या या नदीकाठच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. आमच्या आधी आत शिरलेल्या घोळक्याला मात्र भाचा या गावातील कोणत्या शाळेत शिकला, एवढेच जाणून घ्यायचे होते.

मुलगी आणि जावई सिनसिनाटीला असतात. तेथील पहिले दिवस जेवणावळी आणि मॉल यांत गेले, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. ऑगस्टाला जाण्याचा हट्ट माझा होता. जावयाने केवळ सासूबाईंचा मान राखण्यासाठी सुट्टीचा एक दिवस खर्ची घातला, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होते. रस्ता तासाभराचाच आहे. गावाला पूरभिंत नसल्यामुळे नदीकाठच्या घरांपुढे रस्ता आणि रस्त्यापुढे थेट पाणी, एवढेच असते. पुराची टांगती तलवार पत्करून या लोकांनी नदी डोळ्यांसमोर ठेवली आहे, ही गोष्ट मला फार आवडली.

रोझमेरीचा जन्म याच नदीवर थोडे वर असलेल्या मेसव्हिलमध्ये १९२८ साली झाला. आईवडिलांचा संसार धड नव्हता. आई धाकट्या मुलाला घेऊन कॅलिफोर्नियाला गेली, वडील दारूच्या आहारी गेलेले, आणि रोझमेरी व तिची धाकटी बहीण बेटी या दोघी बराच काळ आजी-आजोबांकडे वाढल्या. १९४५ मध्ये या दोन पोरींनी सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू रेडिओ केंद्रावर आवाजाची चाचणी दिली आणि प्रत्येकीला आठवड्याला २० डॉलर मिळू लागले. पुढे टोनी पास्टरच्या वाद्यवृंदाबरोबर ‘क्लूनी सिस्टर्स’ म्हणून त्या गावोगाव फिरल्या. त्या धावपळीला कंटाळून बेटी घरी परतली आणि रोझमेरी एकटीच कोलंबिया या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत गायला लागली.

तेथे तिचे नाव झाले ते तिला मुळीच न आवडलेल्या गाण्यामुळे. १९५१ मध्ये कंपनीच्या मिच मिलरने ‘कम ऑन-ए माय हाउस’ हे गाणे तिच्यापुढे ठेवले, तेव्हा तिने ते साफ नाकारले. गायचे नसेल तर कंपनी सोडावी लागेल, असे त्याने सुनावले आणि तिला उभे राहावे लागले. विल्यम सरोयन आणि त्याच्या नात्यातला भाऊ रॉस बॅगडासारियन या दोन आर्मेनियन वंशाच्या मंडळींचे ते गाणे तिने इटालियन धाटणीच्या उच्चारात म्हटले, साथीला हार्पसिकॉर्ड हे पियानोसारखे खडखडीत वाद्य, आणि ते पाहता पाहता पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. मग त्याच वळणाची गाणी तिच्या माथी मारली जाऊ लागली. १९५४ मध्ये ‘हे देअर’ आणि ‘धिस ओल हाउस’ ही एकाच तबकडीच्या दोन बाजूंवरची दोन्ही गाणी पहिल्या क्रमांकावर पोहोचली. त्यांपैकी पहिल्यात तिला खरोखर काय गाता येत होते, ते ऐकू येते.

त्याच वर्षी ‘व्हाइट ख्रिसमस’ हा चित्रपट आला. बिंग क्रॉस्बी, डॅनी के, व्हेरा-एलन आणि रोझमेरी यांचा हा चित्रपट अमेरिकेत नाताळच्या दिवसांत आजही घरोघरी लागतो. संग्रहालयात त्यातील पोशाख मांडलेले आहेत. ईडिथ हेड हिने रेखाटलेले ते कपडे जवळून पाहिल्यावर माझ्या लक्षात सर्वप्रथम आली ती त्यांची कंबर. चित्रपटात भरदार वाटणारी ही बाई प्रत्यक्षात किती बारीक असावी, याचे मुलीला आणि मला फार नवल वाटले.

आम्ही तेथे उभ्या असताना घोळक्यातील दोन वृद्ध स्त्रिया, ज्या बहिणी आहेत हे त्यांच्या नाकांवरून कोणीही सांगितले असते, चित्रपटातील ‘सिस्टर्स’ हे गाणे हलक्या आवाजात म्हणू लागल्या. एकीने रोझमेरीच्या ओळी घेतल्या, दुसरीने तिच्या पडद्यावरच्या बहिणीच्या, म्हणजे व्हेरा-एलनच्या. मध्येच थोरली चुकली तर धाकटीने तिला कोपराने ढोसले, आणि भाच्याविषयी चौकशी करणारे सगळे एकदम गप्प झाले. त्यांना टाळ्या मिळाल्या. मीही वाजवल्या, पण मनात एक गोष्ट सारखी टोचत होती: चित्रपटात ती दुसरी बहीण मुळी गातच नाही. व्हेरा-एलन ही नर्तकी. तिच्या इतर गाण्यांसाठी ट्रुडी स्टीव्हन्स हिचा आवाज वापरला होता, आणि या एका गाण्यात दोन्ही बहिणींच्या ओळी रोझमेरीनेच गायल्या आहेत. पार्श्वगायनावर पोसलेल्या आपल्यासारख्यांना त्याचे काय विशेष, असे कोणी म्हणेल. पण जिची कारकीर्दच सख्ख्या बहिणीबरोबर सुरू झाली, तिला बहिणींच्या गाण्यात बहिणीचा आवाजही स्वतःच काढावा लागला, हे मला तेथे उभे राहून फार लागले.

गंमत अशी की चित्रपटाच्या गाण्यांची तबकडी डेक्का कंपनीने काढली आणि रोझमेरी कोलंबियाशी करारबद्ध असल्यामुळे त्या तबकडीत ती नाहीच; तिच्या ओळी पेगी ली गाते. कोलंबियाने मग तिची वेगळी तबकडी काढली, आणि त्यात ‘सिस्टर्स’साठी तिच्याबरोबर गायला खरी बेटी आली. मी ती नंतर ऐकली. चित्रपटातील गाणे अधिक घोटीव आहे, पण कोलंबियाच्या तबकडीत दोन मुली खरोखर एकमेकींना चिडवत आहेत.

रोझमेरीच्या आयुष्याचा पुढचा काळ घोळक्यातील कोणीही फारसा पाहिला नाही, आणि माझ्या मते तोच पाहण्यासारखा आहे. नट होसे फेररशी १९५३ मध्ये लग्न, १९५५ ते १९६० या काळात पाच मुले, त्याच धावपळीत स्वतःचा दूरदर्शन कार्यक्रम. १९५६ ची जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनबरोबरची ‘ब्लू रोझ’ ही तबकडी तर तिने गरोदरपणी, आधी मुद्रित करून ठेवलेल्या वादनावर गाऊन पूर्ण केली. नवऱ्यापासून एकदा घटस्फोट, पुन्हा त्याच्याशीच लग्न आणि पुन्हा घटस्फोट. जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा ती त्याच हॉटेलात होती. त्यानंतर नेवाडातील रेनो शहराच्या रंगमंचावर ती श्रोत्यांवरच तडकली, निघून गेली, आणि अखेर तिला मनोरुग्णालयात दाखल करावे लागले.

बाहेर आल्यावर मिळतील ती लहानसहान कामे तिने केली. १९७३ मध्ये बेव्हर्ली हिल्समध्ये एका सिग्नलला शेजारच्या गाडीत डान्टे डिपाओलो हा जुना स्नेही दिसला. तिने ओरडून फोन नंबर सांगितला आणि त्याने तो गाडीतल्या धुळीवर बोटाने लिहून घेतला. लग्न मात्र १९९७ मध्ये झाले, मेसव्हिलच्या सेंट पॅट्रिक चर्चमध्ये. १९७६ मध्ये क्रॉस्बीने तिला पुन्हा मोठ्या रंगमंचावर आणले, आणि त्याच वर्षी बेटी गेली. १९७७ पासून कॉन्कर्ड या जॅझ कंपनीसाठी तिने जे गायला सुरुवात केली, ते २००१ च्या अखेरपर्यंत थांबले नाही.

मेसव्हिलला आम्ही परतीच्या वाटेवर नव्हे, तर मुद्दाम वाकडी वाट करून गेलो, आणि जावयाने घड्याळाकडे पाहणे सोडून दिले होते हे मी त्याच्या बाजूने नमूद करते. तेथील रसेल थिएटरमध्ये १९५३ च्या जानेवारीत तिच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाचा शुभारंभ झाला होता. तिला २००२ साली याच गावात पुरले.

गाडीत मी कॉन्कर्डचे काही लावायला सांगितले. आवाज खाली उतरलेला, श्वास आखूड. म्हणून ती ओळ मध्येच तोडते आणि तोडलेल्या जागी अर्थ अधिक उलगडतो. जावयाचे म्हणणे असे की तिचे ‘माम्बो इटालियानो’ हे जुने गाणे त्यापेक्षा कितीतरी बरे, निदान पाय तरी हलतात. मी म्हटले की तुमच्यासारख्या श्रोत्यांमुळेच त्या मिलरचे फावले. मुलीने दोघांनाही गप्प बसायला सांगितले, तरी सिनसिनाटीचा पूल ओलांडेपर्यंत आमचा वाद मिटला नव्हता.