भाऊबीजेच्या आत

"पक्षपंधरवड्यात कुणी लग्न करतं का गं?"

सासूबाई माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. साताऱ्याहून, व्हॉट्सॲपवर, कॅमेरा स्वतःच्या कपाळावर रोखून. त्यांचं काही चुकत नव्हतं. २० सप्टेंबर २०२४, शुक्रवार. गणपती जाऊन तीन दिवस झालेले, घरोघरी पितरांची पानं वाढली जात होती आणि आम्ही दोघं न्यू जर्सीत एडिसनच्या टाउन हॉलमध्ये सह्या करत होतो. मी चव्वेचाळीसची, घटस्फोटित. तो सेहेचाळीसचा, विधुर. निदान दसऱ्यापर्यंत तरी थांबा, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. पण त्याच्या आय-९४ वर ३ नोव्हेंबर ही तारीख होती. त्या वर्षी भाऊबीज नेमकी त्याच दिवशी.

आय-९४ म्हणजे काय, हे इथे वीस-वीस वर्षं राहिलेल्यांनाही धड माहीत नसतं. मंडळाच्या गणपतीत एका काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, त्याचा व्हिसा दहा वर्षांचा आहे, तू कशाला घाबरतेस?" दहा वर्षं हा व्हिसा दाखवून विमानतळापर्यंत येता येतं, इतकाच त्याचा अर्थ. आल्यावर किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ वर येते. हल्ली कागद मिळत नाही, सरकारी साइटवर जाऊन स्वतःच उतरवून घ्यायचा. व्हिजिटर व्हिसावर बहुधा सहा महिने मिळतात. तो ४ मेला नेवार्कला उतरला, म्हणून ३ नोव्हेंबर.

तो माझ्या मैत्रिणीचा भाऊ. जूनमध्ये भाचीचं हायस्कूल ग्रॅज्युएशन होतं, त्यासाठी आला. परतीचं तिकीट १८ जुलैचं. साताऱ्यात भावाबरोबर ऑफसेट प्रेस चालवतो, आणि पावसाळ्यात कामं कमी म्हणून एवढी रजा. वटपौर्णिमेच्या जेवणाला मैत्रिणीनं मलाही बोलावलं. (घटस्फोटितेला वटपौर्णिमेला बोलावणारी एक तरी मैत्रीण हवीच.) मग एक तिकीट पुढे ढकललं, मग दुसरं. ११ ऑगस्टला, रविवारी, माझ्या ओट्यापाशी भेंडी पुसता पुसता आमचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी वकीलीणबाईंना फोन. त्यांनी प्रेमाबिमाचं काही विचारलं नाही. विचारलं ते हे: तुम्ही नागरिक की ग्रीन कार्डवाल्या? तो तपासणी होऊन, रीतसर शिक्का घेऊन देशात आला का? आणि आला तेव्हा लग्नाचा विचार डोक्यात होता का?

पहिल्या प्रश्नाला मी जरा थबकले. २०२१ मध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली आणि भारतीय पासपोर्ट परत करायचा फॉर्म भरला, तेव्हा मी घरी येऊन रडले होते. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डानं ते दुःख काही फिटलं नाही. आता बाई सांगत होत्या की सगळं त्यावरच अडलेलं आहे. नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला ग्रीन कार्डासाठी रांगच नसते. अर्ज इथेच, देश न सोडता करता येतो. मी अजून ग्रीन कार्डवर असते, तर आधी रांग, आणि ती पुढे सरकेपर्यंत त्याचे सहा महिने संपून गेले असते. नागरिकाच्या जोडीदाराची मुदत उलटून गेली तरी कायदा ती चूक पोटात घालतो, हेही त्यांनी सांगितलं. "पण माफी मिळते म्हणून चूक करायची का?" तेव्हा ठरलं, अर्जाचं पाकीट भाऊबीजेच्या आत पोचवायचं.

तिसरा प्रश्न खरा. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या नियमावलीत नव्वद दिवसांची एक मोजपट्टी आहे. पाहुणा म्हणून आलात आणि नव्वद दिवसांच्या आत लग्न करून राहूनच गेलात, तर तुम्ही येतानाच खोटं बोललात असं धरून चालतात. ग्रीन कार्ड देणारं खातं निराळं, त्याला ही मोजपट्टी बांधील नाही. पण तारखा तिथेही मोजतातच. आमचे नव्वद दिवस २ ऑगस्टला भरले होते, ते नकळत. हे इथे लिहायचं कारण, गेल्या महिन्यात एका भाचीनं मला विचारलं, "मावशी, त्याला टुरिस्टवर बोलावते आणि तुझ्यासारखं करते, चालेल ना?" नाही चालणार, बाई. तुझं आधीच ठरलंय. मग त्याच्यासाठी फियान्से व्हिसा (लग्न ठरलेल्यांचा) काढ, नाहीतर तिकडे लग्न करून त्याला मुंबईच्या कॉन्सुलेटमधून आण. विमानतळावर 'फिरायला आलोय' म्हणून सांगायचं आणि बॅगेत शेरवानी, हे अंगाशी येतं.

लग्नाचं लायसन्स सोपं. एक साक्षीदार, २८ डॉलर आणि बहात्तर तास थांबणं. सोमवारी अर्ज, गुरुवारी लायसन्स, शुक्रवारी लग्न. नणंदेनं डब्यातून श्रीखंड आणलं होतं, ते पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर ठेवून खाल्लं.

कागद जमवताना मात्र घाम फुटला. हा माझा नवरा असं सांगणारा आय-१३० माझा, ग्रीन कार्ड मागणारा आय-४८५ त्याचा, कामाच्या परवान्याचा वेगळा, प्रवासाच्या परवान्याचा वेगळा. सरकारी फीच ३,००५ डॉलर. डॉक्टरी तपासणीत टीबीसाठी रक्त घेतलं. लहानपणी बीसीजी टोचलेली असली तरी ती तपासणी टळत नाही म्हणे. लहानपणच्या लसींचा कागद कुठून आणणार, म्हणून दोन्ही दंडांत नव्यानं सुया. आय-८६४ वर मी सही केली ती तीनदा वाचून. हा माणूस सरकारच्या मदतीवर येणार नाही याची हमी मी देते. आणि उद्या घटस्फोट झाला तरी हमी सुटत नाही. तो नागरिक होईपर्यंत, नाहीतर त्याची साधारण दहा वर्षांची नोकरी भरेपर्यंत मी बांधलेली. एकदा घटस्फोट घेतलेल्या बाईला हे वाक्य कसं दिसतं, ते मीच जाणे.

दोघांचीही आधीची लग्नं संपल्याचा पुरावा लागतो. माझा कोर्टाचा हुकूम इंग्रजीत होता. त्याच्या पहिल्या बायकोच्या मृत्यूचा दाखला मराठीत. त्याचं भाषांतर हवं, आणि खाली भाषांतरकारानं 'मला दोन्ही भाषा येतात, हे भाषांतर पूर्ण व बरोबर आहे' असं लिहून सही करायची. मी करू म्हटलं तर वकीलीणबाई म्हणाल्या, घरचं माणूस नको. मग मंडळातलेच ते काका, दहा वर्षांच्या व्हिसावाले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एकेक रकाना वाचला. मृत व्यक्तीचे नाव. मृत व्यक्तीच्या पतीचे नाव. तिथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे टाइप करत राहिले. पैसे विचारले तर म्हणाले, "वेडी आहेस का?" त्या दिवसापासून मी त्यांच्या सल्ल्यांना हसत नाही.

तेवढ्यात आमच्या प्रेसवाल्याला युक्ती सुचली. लग्न खरं असल्याचे पुरावे द्यायचे असतात: दोघांच्या नावे घरभाडं, एकत्र बँक खातं, फोटो, असलं तर निमंत्रण. आयुष्यभर याने हजारो लग्नपत्रिका छापल्या, आणि स्वतःच्या लग्नाची एक नाही. "भावाला सांगतो, उद्या छापून कुरिअर करेल. श्री गजानन प्रसन्न, तारीख वीस सप्टेंबर, सगळं व्यवस्थित." मी त्याच्याकडे बघतच राहिले. "अरे, ते खोटं होईल." "खोटं कसं? लग्न झालंय की." त्याला खरंच कळत नव्हतं. न वाटलेली पत्रिका पुरावा म्हणून देणं म्हणजे खऱ्या लग्नाला खोटा कागद लावणं, आणि एवढ्या एका कागदावरून बाकीचे सगळे संशयात, हे पटवायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. शेवटी बॉनेटवरच्या श्रीखंडाचा फोटो लावला.

पाकीट पाठवायच्या रात्री त्यानं ती दोन इंच जाड गड्डी हातात घेतली, कडेनं वारा घालून कागद सुटे केले, मग टेबलावर उभी ठोकली, आडवी ठोकली, परत उभी. कडा अशा जुळल्या की जणू कटिंग मशीनमधून काढल्यात. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो कामावर असल्यासारखा दिसला.

पाकीट १७ ऑक्टोबरला पोचलं. भाऊबीजेला नणंदेनं त्याला ओवाळलं तेव्हा त्याची मुदत संपत होती आणि अर्ज आत असल्यामुळे त्याचं राहणं कायदेशीर होतं. ओवाळणी मात्र माझ्या पर्समधून गेली, कारण कामाचा परवाना जानेवारीत आला. तोवर भाकऱ्या तोच करायचा. माझ्यापेक्षा पातळ.

फेब्रुवारीत सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. प्रवासाचा परवाना हातात नसताना देश सोडला, तर आय-४८५ सोडून दिला असं धरतात. तो गेला नाही. ऑपरेशन साधंच होतं, वीस मिनिटांचं, पण त्या रात्री तो हॉलमध्येच बसून राहिला आणि मी चहा करून नुसती शेजारी बसले.

जून २०२५ मध्ये नेवार्कला मुलाखत. अधिकारीबाईंनी विचारलं, आलात कशाला? "भाचीचं ग्रॅज्युएशन." मग राहिलात का? त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. बाई हसल्या नाहीत, टाइप करत राहिल्या. घरात सकाळी आधी कोण उठतं, हेही विचारलं. आमची उत्तरं वेगवेगळी आली, कारण दोघांनाही आपणच उठतो असं वाटतं. त्याच आठवड्यात मंजुरी आली. लग्नाला दोन वर्षं झालेली नसली की कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत आय-७५१ भरून संसार खरा असल्याचं पुन्हा दाखवायचं. म्हणजे २०२७ च्या मार्चपासून परत गड्डी.

डिसेंबरात साताऱ्याला गेलो. सासूबाईंनी नव्या डोळ्यानं मला नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "पक्षात केलंस ते केलंस, आता सत्यनारायण तरी घाल." दिरानं दोनशे पत्रिका छापल्या, पिवळ्या कार्डावर, माझं नाव नवऱ्याच्या नावाशेजारी. गल्लीत सगळ्यांना वाटल्या. त्यातली एक मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून घेऊन आलेय, आय-७५१ च्या फायलीत पहिल्या पानाला लावून ठेवलीय.