रूबी थिअरी-शीट: ‘पुनर्जन्म’ हा रकाना फोडला

आर-डब्ल्यू-बी-वाय असं लिहायचं आणि ‘रूबी’ म्हणायचं, रूबी, वाइस, ब्लेक आणि यांग या राक्षसांशी लढणाऱ्या चौघींच्या त्या ॲनिमेशन मालिकेच्या थिअरी-शीटची, म्हणजे चाहत्यांच्या अंदाजांच्या तक्त्याची, ही ताजी नोंद. नववा वॉल्यूम (म्हणजे सीझन) २०२३ मध्ये संपला, २०२४ मध्ये मालिका बनवणारी रूस्टर टीथ बंद पडून हक्क विझ मीडियाकडे गेले. नवं काही हाती येईपर्यंत जुन्या थिअऱ्यांची झाडलोट करायला ही बरी वेळ आहे. मालिका अजून पाहिली नसेल तर इथूनच मागे फिरा, पुढे सगळं फोडलेलं आहे.

सगळ्यात मोठा बदल रकान्यांचा. आधी ‘पुनर्जन्म’ नावाचा एकच रकाना होता आणि त्यात सगळं कोंबलेलं होतं: ओझपिन, सिंडर, पेनी, शिवाय रूबी रोज म्हणजे लाल टोपीवाली. यातल्या एकाच्या बाबतीतच जुना आत्मा नव्या देहात गेल्याचं मालिका स्वतः सांगते. बाकीच्यांची कथा वेगळी. म्हणून आता चार रकाने केलेत. पहिला छाया: पात्राचं नाव, रंग, हत्यार किंवा नशीब जुन्या परीकथेवरून घेतलंय, पण पात्राला त्याचा पत्ता नाही. दुसरा परकायाप्रवेश, म्हणजे ओझ (मुख्याध्यापक ओझपिनमधला जुना आत्मा). तिसरा वारसा: मेडनची (जादूची शक्ती मिळालेल्या मुलीची) शक्ती मरताना दुसरीकडे जाते, आत्मा जात नाही. चौथा पुन्हा घडण: एव्हर आफ्टर या परीकथेसारख्या जगातल्या झाडात जाऊन तिथला जीव नवं रूप आणि नवं काम घेऊन बाहेर येतो. थिअरी मांडताना आधी यातला एक रकाना निवडायचा. न निवडता आलेली नोंद यापुढे ‘अपुरी’ शेऱ्यासह बाजूला.

ओझपिनपासून सुरुवात, कारण इथे पुरावा थेट पडद्यावर आहे. सहाव्या वॉल्यूमच्या तिसऱ्या भागात जिन ही दिव्यातली जाणती शक्ती सगळा इतिहास दाखवते. बुरुजात कोंडलेली सेलम (पुढे मालिकेची मुख्य खलनायिका), तिला सोडवणारा ओझ्मा, त्याचा आजारपणात मृत्यू, सेलमला मिळालेला अमरत्वाचा शाप, आणि प्रकाशाच्या देवाने ओझ्माला परत पाठवताना ठरवलेली रीत: समविचारी माणसांच्या देहात, एकामागून एक. या रीतीतून दोन नियम निघतात आणि दोन्ही शीटच्या डोक्यावर लिहून ठेवलेत. एका वेळी देह एकच. आणि तो देह आधीपासून जिवंत असतो.

दुसरा नियम विसरल्यामुळे जितक्या थिअऱ्या फसल्या तितक्या दुसऱ्या कशानेच फसल्या नसतील. तिसऱ्या वॉल्यूमच्या शेवटी ओझपिन जातो, चौथ्यात ऑस्कर पाइनच्या डोक्यात आवाज सुरू होतो. ऑस्कर तेव्हा शेतावर काम करणारा, चांगला वाढलेला पोरगा आहे. म्हणजे ‘अमुक मेला त्याच वर्षी तमुक जन्मला, म्हणून तोच तो’ हे जन्मतारखेचं गणित ओझच्या रकान्यात चालतच नाही. त्या धर्तीच्या सगळ्या नोंदी काढल्या. पहिल्या नियमाने ‘जॉनमध्येही थोडा ओझ आहे’ आणि ‘क्रो हा ओझचा दुसरा अंश’ या दोन्ही आडव्या होतात. क्रोला पक्षी होण्याची विद्या ओझपिनने दिली, हे मालिकेत स्पष्ट आहे. दिलेली विद्या म्हणजे आत्मा नव्हे.

आता नावाचा भाग. ‘ओझचा जादूगार’ लिहिणाऱ्या फ्रँक बाउमच्या १९०८ च्या ओझ-पुस्तकात जादूगार आपलं पूर्ण नाव सांगतो: ऑस्कर झोरोआस्टर फॅड्रिग आयझॅक नॉर्मन हेन्कल इमॅन्युएल अँब्रोइज डिग्ज. आडनावासकट पहिली अक्षरं घ्या. ओ, झेड, पी, आय, एन, एच, ई, ए, डी. पहिल्या पाचांचा ‘ओझपिन’ होतो. पहिली दोन सोडून उरलेल्यांचा ‘पिनहेड’, म्हणजे बिनडोक. म्हणूनच जादूगार ओ आणि झेडवर थांबतो. शिवाय पहिलं नाव ऑस्कर. आणि ओझ्मा ही बाउमच्या १९०४ च्या पुस्तकातली राजकन्या, जी टिप नावाच्या मुलाच्या रूपात दडवलेली असते. एक माणूस दुसऱ्याच्या देहात, ही कल्पनासुद्धा तिथे तयार आहे.

एवढा सुरेख जुळणारा पुरावा मिळाला की हात सुटतो. पण याने पुनर्जन्म सिद्ध होत नाही, तो जिनच्या भागाने आधीच झालाय. याने इतकंच कळतं की निर्मात्यांनी १९०० च्या पहिल्या पुस्तकाच्या पुढचीही पुस्तकं वाचली आहेत. त्याचा उपयोग वेगळा: ओझ-गटातल्या कुठल्याही पात्रासाठी १९३९ चा सिनेमा पाहून थांबायचं नाही. उदाहरणार्थ सेनापती आयर्नवुड. सिनेमात टिनचा माणूस गंजून उभा असतो, बस. पुस्तकात तो मुळात हाडामांसाचा लाकूडतोड्या. मंतरलेल्या कुऱ्हाडीने आधी त्याचा डावा पाय जातो, मग उजवा, मग एकेक करून हात, मग डोकं, शेवटी धड. प्रत्येक वेळी टिनचा भाग बसतो आणि धडासोबत हृदय जातं, तसं प्रेमही जातं. आयर्नवुडची उजवी बाजू आधीच धातूची. सातव्या वॉल्यूममध्ये वॉट्सशी लढताना डावा हात जातो आणि आठव्यात माणुसकी. हा क्रम पुस्तकातला आहे, सिनेमातला नाही. छाया, दर्जा ब.

दर्जा तीनच. अ: मालिकेत दाखवलं किंवा बोललं गेलं. ब: मूळ कथेतल्या किमान दोन घटना जुळतात, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. क: नाव, रंग, कपडे, फुलं, हत्याराचा आकार. तीन ‘क’ मिळून एक ‘ब’ होत नाही. या मालिकेत तर मुळीच नाही, कारण पात्राचं नाव रंगाची आठवण करून देणारं असलं पाहिजे हा तिथला घोषित नियम आहे. सगळ्यांच्याच नावात रंग असताना लाल लालशी जुळलं यात नवल काय? रूबीच्या चंदेरी डोळ्यांचा बाउमच्या चंदेरी बुटांशी लावलेला संबंध याच कारणाने ‘क’ मध्येच राहिला.

आवृत्तीचा रकाना आता सक्तीचा आहे. एटीयू क्रमांक (लोककथांच्या प्रकारांच्या सूचीतला) लिहिणं चांगलं, पण तो कथाप्रकार सांगतो, मजकूर नाही. सिंड्रेला ५१० अ हे लिहून काचेचा बूट की सोन्याचा, ते कळत नाही. काच, भोपळा आणि मध्यरात्र हे शार्ल पेरोचं, १६९७ चं. ग्रिम-बंधूंच्या २१ व्या कथेत बूट शेवटी सोन्याचा, मदत आईच्या थडग्यावरच्या हेझलच्या झाडाची, आणि १८५७ च्या शेवटच्या आवृत्तीत कबुतरं सावत्र बहिणींचे डोळे फोडतात. (मालिकेत राक्षसांचं नावच ग्रिम आहे. म्हणून शीटमध्ये भावांसाठी ‘ग्रिम-बंधू’ असं पूर्णच लिहा, नाहीतर शोधताना शेकडो चुकीच्या ओळी सापडतात.)

खलनायिका सिंडर फॉल या फरकामुळेच रंगतदार होते. काचेची हत्यारं पेरोची. आठव्या वॉल्यूममधल्या तिच्या पूर्वायुष्याच्या भागाचं नाव ‘मिडनाइट’, तेही पेरोकडचं. मॅडम, दोन सावत्र बहिणी, राबवून घेणारं हॉटेल. इथपर्यंत ती सरळ सिंड्रेला. पण तिसऱ्या वॉल्यूमच्या शेवटी तिचा डावा डोळा जातो, पुढे डाव्या हाताच्या जागी ग्रिमचा हात येतो. डोळे कोणाचे जातात? ग्रिम-बंधूंकडे सावत्र बहिणींचे. बूट पायात बसावा म्हणून अंगठा आणि टाच कोण कापून घेतं? त्याच. आपल्या मापाची नसलेली शक्ती अंगावर चढवायला शरीराचे तुकडे देणारी सिंडर सावत्र बहिणीच्या जागेवर जाऊन बसली आहे, ही सध्या शीटमधली सर्वांत भक्कम छाया-थिअरी वाटते. तिची परीक्षाही ठरलेली आहे. कबुतरं दोन फेऱ्यांत डोळे काढतात, चर्चमध्ये जाताना एक, परतताना दुसरा. सिंडरचा शेवट उरलेला डोळा शाबूत ठेवून झाला, तर थिअरी एक पायरी खाली.

मेडनची शक्ती मात्र वेगळ्या रकान्यात ठेवा. ॲम्बरची शक्ती सिंडरकडे गेली म्हणजे सिंडर ॲम्बर झाली असं नाही. मरणाऱ्या मेडनच्या मनात शेवटी जी तरुण मुलगी असेल तिच्याकडे शक्ती जाते, नाहीतर कुणाकडेही. फ्रियाकडून पेनीकडे, पेनीकडून विंटरकडे, ही साखळी पडद्यावर आहे आणि तीत कुणाच्याही आठवणी पुढे सरकत नाहीत. पिरा आणि ॲम्बर यांच्याबद्दलच्या नोंदी इथे अडकत होत्या. ॲम्बरकडून पिराकडे नेणाऱ्या त्या यंत्रात शक्ती नव्हे, ऑरा (आत्म्याचं तेज) हलवायचा होता आणि तो प्रयोग सिंडरच्या बाणाने अर्धवट राहिला. त्यासाठी वारसा रकान्याखाली ‘ऑरा-हस्तांतर’ अशी पोटओळ केली आहे. पेनी त्याच पोटओळीत बसते, कारण पिएत्रोने स्वतःच्या ऑराचा भाग देऊन तिला घडवली.

पेनीवर थोडं थांबायला हवं. पोलेन्दिना हे आडनाव नुसतं मजेचं नाही. कोलोदीच्या मूळ पिनोकियोत जेपेत्तोला पिवळ्या केसांच्या टोपामुळे याच नावाने चिडवतात. ती कथा १८८१ ते १८८३ या काळात मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली, आणि पहिल्या बेतात पंधराव्या प्रकरणात पिनोकियो झाडाला फासावर लटकून मरतो, तिथेच कथा संपते. पुढे ती पुन्हा सुरू केली गेली. १९४० च्या डिस्नेपटात हा फास नाही. आता पेनी बघा. तिसऱ्या वॉल्यूममध्ये ती स्वतःच्याच तारांनी चिरली जाऊन मरते, मग परत येते, आठव्यात खरी हाडामांसाची होते. दोरीने मरण, पुन्हा सुरुवात, मग खरी मुलगी: तीनही टप्पे कोलोदीच्या क्रमाने. तारांचं मरण हे ज्यांनी फक्त ‘कठपुतळीचा विनोद’ म्हणून नोंदवलं होतं त्यांनी ती ओळ दुरुस्त करावी. खरी मुलगी झाल्यावर ती पुन्हा मरते, ते मात्र कोलोदीत नाही. तो मालिकेचा स्वतःचा निर्णय.

मग डिस्ने सरसकट बाद करायचा का? नाही. वाइस श्नेच्या घरचा बटलर क्लाइन सीबेन. डोळ्यांचा रंग बदलला की त्याचा स्वभाव बदलतो, कधी तिरसट, कधी शिंकरा. ‘हिमगौरी आणि सात बुटके’ ही ग्रिम-बंधूंची ५३ वी कथा, पण तिथे बुटक्यांना ना नावं आहेत ना वेगळे स्वभाव. ते स्वभाव १९३७ च्या सिनेमाचे. म्हणजे एकाच घरात दोन थर. वाइसची सावत्र आई कुठे, हा जुना प्रश्नही आवृत्तीनेच सुटतो. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत दुष्ट राणी सख्खीच आई आहे, १८१९ पासून ती सावत्र झाली. तेव्हा ‘सावत्र आई नाही म्हणून जुळत नाही’ हा आक्षेप टिकत नाही. ती खुर्ची लग्न करून श्ने नाव घेणाऱ्या जाकने अडवली आहे. आणि ५३ वी कथा १६१ व्या कथेत मिसळू नका. तिथली हिमगौरी वेगळी, तिला रोझरेड नावाची बहीण आणि घरी येणारं अस्वल आहे. वाइस-रूबी जोडीच्या निम्म्या थिअऱ्या या घोळावर उभ्या आहेत.

यांग आणि ब्लेकच्या ओळींत विशेष बदल नाही. यांगसाठी, म्हणजे गोल्डिलॉक्सच्या छायेसाठी, एक नोंद वाढवली: रॉबर्ट सदी यांच्या १८३७ च्या छापील कथेत अस्वलांच्या घरात शिरते ती म्हातारी, सोनेरी केसांची मुलगी नंतर आली.

समर रोज, म्हणजे रूबीची बेपत्ता आई, ही सध्या सगळ्यांत वादाची ओळ. ती ग्रिमच्या आत कुठेतरी जिवंत आहे, ही थिअरी पेरोवर उभी केली तर लगेच कोसळते. तिथे लांडगा खातो आणि गोष्ट संपते. ग्रिम-बंधूंच्या २६ व्या कथेत शिकारी कात्रीने लांडग्याचं पोट उघडतो, आणि आजी व मुलगी जिवंत बाहेर येतात. आठव्या वॉल्यूममधल्या हाउंड या ग्रिमचं कवच फुटतं तेव्हा आत चंदेरी डोळ्यांचा फॉनस (प्राण्यांची लक्षणं असलेला माणूस) दिसतो. लांडग्याच्या पोटात माणूस असू शकतो, हे मालिकेने तिथे दाखवून ठेवलं. नवव्यात समर रेव्हनसोबत (यांगच्या आईसोबत) निघताना दिसते. शक्यता ‘अ’, समरचं नाव ‘क’, म्हणून सगळी ओळ मिळून फार तर कच्चा ‘ब’. रेव्हनने काय पाहिलं ते कळेपर्यंत वर सरकवू नका.

एव्हर आफ्टरच्या नियमाने बाहेरच्या मेलेल्यांना परत आणण्याचा मोह आवरा. लिटल हे उंदराचं पिल्लू ‘समव्हॉट’ होऊन परततं, कारण ते तिथलंच आहे. पिरा रेमनंटवर, म्हणजे मालिकेच्या मूळ जगात, मेली, तिचा झाडाशी संबंध दाखवलेला नाही. याच वॉल्यूमने एक उलटी शक्यता मात्र खरी केली. परीकथेतला गंजलेला सरदार म्हणजे कुणाचा तरी पूर्वजन्म, असं धरून चाललेल्या सगळ्यांना कळलं की तो काळात मागे पडलेला, वय झालेला जॉनच आहे. म्हणून आता चौकशीत एक प्रश्न आधी विचारायचा: हा आधीचा माणूस आहे, की आत्ताचाच माणूस आधीच्या काळात गेलाय?

काही किरकोळ पण त्रासदायक गोष्टी. वेळ मिनिट-सेकंदांत लिहू नका. पहिला वॉल्यूम काही ठिकाणी सिनेमासारखा सलग जोडून मिळतो, त्यामुळे आकडे घसरतात. वॉल्यूम, भागाचं नाव, बोलणारा आणि वाक्याचे पहिले तीन-चार शब्द लिहा. जस्टिस लीगसोबतचे कॉमिक, २०२२ चं शाफ्टचं ॲनिमे आणि मांगा यांची माहिती वेगळ्या रंगाच्या ओळीत. तिथून ‘अ’ दर्जा घ्यायचा नाही, कारण क्रॉसओव्हरमध्ये नियम पाहुण्यांच्या सोयीने वाकतात.

उरलेलं काम: समर मेडन कोण, ही ओळ अजून कोरी. व्हॅक्युओ या वाळवंटी राज्यातला मुख्याध्यापक थिओडोर हा डोरोथीचा उलटा फिरवलेला अवतार असल्याचं नाव सांगतं, पण फक्त नावच सांगतं, त्यामुळे ‘क’. तो रस्ता, बूट किंवा परत घरी जाण्याची धडपड यांतलं काही घेऊन पडद्यावर आला की ओळ पुन्हा उघडू. तोवर ज्यांच्याकडे बाउमची १९०४ नंतरची पुस्तकं आहेत त्यांनी व्हॅक्युओच्या वाळवंटाशी ओझभोवतीची वाळवंटं ताडून बघावीत. त्यासाठी शीटच्या तळाला नवा पट्टा सोडला आहे.