मेम्फिस स्लिम पॅरिसला का राहिला

पॅरिसच्या लॅटिन क्वार्टरमधील रू गालांद या अरुंद रस्त्यावर 'त्र्वा माये' नावाचा क्लब आहे. साठच्या दशकात त्याच्या दगडी तळघरात मेम्फिस स्लिम हा ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत) गायक-पियानोवादक वाजवत असे. अमेरिकेत नाव झालेला हा कलावंत 1962 साली येथे स्थायिक झाला आणि 1988 साली येथेच वारला.

त्याचा जन्म 1915 साली टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात झाला. मूळ नाव जॉन लेन चॅटमन. गाणी मात्र त्याने वडिलांच्या, म्हणजे पीटर चॅटमन या नावाने नोंदवली. 1939 साली तो शिकागोला गेला. तेथे ब्लूज गायक बिग बिल ब्रून्झीने त्याला पियानोवादक रूझवेल्ट साइक्सची नक्कल सोडून स्वतःची शैली शोधण्याचा सल्ला दिला, आणि तो त्याने मनावर घेतला. 'एव्हरी डे आय हॅव द ब्लूज' हे जुने गाणे त्याने नव्याने बांधले, पुढे ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंगने ते घरोघरी पोहोचवले.

तो मायदेश सोडून का आला, याचे उत्तर मला 1947 सालच्या एका ध्वनिमुद्रणात सापडते. लोकसंगीताचे अभ्यासक ॲलन लोमॅक्स यांनी न्यूयॉर्कमध्ये स्लिम, ब्रून्झी आणि माउथ ऑर्गनवादक सनी बॉय विल्यमसन यांना अमेरिकेच्या दक्षिणेतील वेठबिगारी, तुरुंग आणि गोऱ्यांची दहशत यांविषयी बोलते केले. तिघेही मोकळेपणाने बोलले. पण मुद्रण ऐकताच, दक्षिणेतील आपल्या नातेवाइकांवर सूड उगवला जाईल या भीतीने, आपली नावे उघड करू नयेत अशी गळ त्यांनी घातली. लोमॅक्स यांनी टोपणनावे वापरली आणि खरी नावे तिघांच्याही मृत्यूनंतरच छापली गेली. स्वतःच्या आठवणींखाली सही करण्याचीही ज्याला चोरी, त्याने परका मुलुख जवळ केला तर नवल ते काय?

पॅरिसने त्याला मान दिला, पैसा दिला, रोल्स-रॉइस दिली. संगीत मात्र येथे अधिक खुलले असे मला वाटत नाही (फ्रेंच मित्रांना हे मुळीच पटत नाही). येथे त्याने वारेमाप रेकॉर्ड केल्या आणि त्यांतील बऱ्याच एकसुरी आहेत. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी 1959 साली व्ही-जे कंपनीसाठी केलेले, मॅट मर्फीच्या गिटारची साथ असलेले ध्वनिमुद्रण आधी ऐकावे. पियानोवरील स्लिमच्या डाव्या हाताचा दणकट ठेका त्यात ठळकपणे ऐकू येतो.