उंबरठा खाली आला, राखणदार तेच राहिले

एका लहान पक्षाला मतपत्रिकेवर जागा मिळावी म्हणून केलेली माझी सही मला मागे घ्यायची आहे का, अशी विचारणा करणारा फोन आला, तेव्हा पहिल्यांदा मला तो फसवणुकीचाच प्रकार वाटला. पलीकडचा आवाज अत्यंत सभ्य होता. तुमच्या सहीमुळे मतांची विभागणी होईल आणि तुम्हाला नको असलेला माणूस निवडून येईल, हे तुमच्या लक्षात आले आहे का, असे मला समजावण्यात आले. आपल्याकडे अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी बंडखोरांची जी मनधरणी चालते, ती मी लहानपणापासून सांगलीत पाहिलेली आहे. परंतु उमेदवाराला सोडून त्याच्या अर्जावर सही करणाऱ्या सामान्य मतदाराची मनधरणी कोणी केल्याचे मी ऐकले नव्हते. मी सही मागे घेतली नाही, आणि त्या फोनचा राग मात्र बराच काळ मनात राहिला.

मी राहतो त्या अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात नव्या पक्षाला मान्यता हवी असेल तर मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. २०१७ पूर्वी ही संख्या आधीच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या दोन टक्के इतकी होती, म्हणजे २०१२ च्या निवडणुकीनंतर ८९,३६६. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘इलेक्टोरल फ्रीडम ॲक्ट’ संमत झाला आणि दोन टक्क्यांचे पाव टक्का झाले. शिवाय, आधीच्या अध्यक्षीय निवडणुकीत किमान सत्तर टक्के राज्यांच्या मतपत्रिकांवर ज्या पक्षाचा उमेदवार होता, त्याला सह्यांशिवायच मान्यता मिळण्याची तरतूद झाली. लगेच पुढच्या वर्षी ग्रीन पक्ष या दुसऱ्या वाटेने आणि कॉन्स्टिट्यूशन पक्ष सह्यांच्या वाटेने मतपत्रिकेवर आला. गंमत अशी, की डेमोक्रॅट गव्हर्नर रॉय कूपर यांनी या कायद्यावर नकाराधिकार वापरला होता, पण त्यांचा आक्षेप लहान पक्षांच्या सवलतीवर नव्हता. न्यायाधीशांच्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका रद्द करणारे कलम त्याच विधेयकात होते, त्यावर होता. विधिमंडळाने तो नकाराधिकार मोडून काढला आणि त्या भांडणाच्या गर्दीत लहान पक्षांचे काम होऊन गेले.

शेजारच्या जॉर्जियाकडे पाहिले म्हणजे या सवलतीचे मोल कळते. तेथे १९४३ पासून एखाद्या मतदारसंघातून उभे राहू पाहणाऱ्या लहान पक्षाच्या उमेदवाराला त्या मतदारसंघातील नोंदणीकृत मतदारांच्या पाच टक्के सह्या आणाव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये हा नियम वैध ठरवला, आणि अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, प्रतिनिधिगृहासाठी या वाटेने लहान पक्षाच्या एकाही उमेदवाराला मतपत्रिकेवर पोहोचता आलेले नाही.

सह्यांची तपासणी हा या साऱ्या व्यवहारातला मला सर्वांत आवडलेला भाग आहे, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिण्याची मुभा वाचकांनी द्यावी. प्रत्येक काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, कागद वेगळे ठेवलेले असतात, कारण सही खरी की खोटी हे त्या त्या काउंटीचे निवडणूक कार्यालय ठरवते. तेथील कर्मचारी नाव आणि पत्ता मतदारयादीशी ताडून पाहतात आणि नियमात न बसणारी सही बाद करतात. माझी सही देवनागरीत आहे, नागरिक झाल्यावर मतदारनोंदणी करताना मी तीच केली होती. त्यामुळे वेक काउंटीच्या कार्यालयात मराठीचा गंध नसलेला कोणी कर्मचारी माझ्या नावातील वेलांट्या जुन्या अर्जाशी जुळवून पाहत असेल, ही कल्पना मला अजूनही सुखावते. हजारो कागद हाताळायचे, एकेक ओळ पाहायची आणि शेवटी नेमका आकडा जाहीर करायचा, हे काम इतक्या निगुतीने होते की आपल्याकडील छाननीचा दिवस, वकिलांची फौज आणि दालनाबाहेरील घोषणा आठवल्यावाचून राहत नाही.

कारकुनाच्या टेबलावरचा हा चोखपणा वरच्या मजल्यावर मात्र टिकत नाही. मान्यतेचा निर्णय घेणाऱ्या राज्य निवडणूक मंडळात पाच सदस्य असतात, आणि त्यांची नावे सर्वाधिक नोंदणीकृत मतदार असलेले दोन पक्षच सुचवतात. २०२२ मध्ये ग्रीन पक्षाने आवश्यक १३,८६५ सह्यांच्या तुलनेत काउंटी कार्यालयांनी वैध ठरवलेल्या सुमारे सोळा हजार सह्या सादर केल्या होत्या; तरीही काही सह्यांच्या चौकशीचे कारण पुढे करून मंडळातील तीन डेमोक्रॅट सदस्यांनी दोन रिपब्लिकनांविरुद्ध मत देऊन ३० जून रोजी मान्यता नाकारली. दुसऱ्याच दिवशी उमेदवारीची मुदत संपणार होती. महिन्याभराने, १ ऑगस्टला, त्याच मंडळाने एकमताने मान्यता दिली, तोवर मुदत टळून गेलेली होती, आणि सिनेटचे उमेदवार मॅथ्यू हो यांचे नाव मतपत्रिकेवर येण्यासाठी फेडरल न्यायाधीश जेम्स डेव्हर यांचा आदेश लागला. एवढ्या आटापिट्यानंतर हो यांना जेमतेम तीस हजार मते पडली. विजयी रिपब्लिकन टेड बड आणि पराभूत डेमोक्रॅट शेरी बीझली यांच्यात एक लाख वीस हजारांहून अधिक मतांचे अंतर होते. ज्या मतविभागणीच्या भीतीने हा सारा खटाटोप झाला, तिने निकालात काहीच बदलले नसते.

२०२४ मध्ये याच नाटकातील पात्रांनी भूमिकांची अदलाबदल केली. रॉबर्ट केनेडी यांना अध्यक्षपदासाठी अपक्ष म्हणून उभे राहायचे असते तर दीड टक्के, म्हणजे ऐंशी हजारांहून अधिक सह्या आणाव्या लागल्या असत्या. त्यांच्या समर्थकांनी ‘वी द पीपल’ नावाचा पक्ष काढला आणि काम चौदा हजारांच्या आतबाहेर भागले. ही पळवाट असल्याचा आक्षेप घेतला गेला, तरी जुलैमध्ये मंडळाने त्या पक्षाला मान्यता दिली. अध्यक्षपदाचे आणखी एक उमेदवार कॉर्नेल वेस्ट यांच्या ‘जस्टिस फॉर ऑल’ पक्षाला मात्र तीन विरुद्ध दोन मतांनी नाकारले आणि तो पुन्हा फेडरल न्यायालयातूनच मतपत्रिकेवर आला. ऑगस्टच्या अखेरीस केनेडी यांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला आणि माझे नाव काढा म्हणून अर्ज केला. आता त्यांचे नाव मतपत्रिकेवर राहावे असे मंडळातील डेमोक्रॅट बहुमताला वाटू लागले. तोवर लाखो मतपत्रिका छापून झाल्या होत्या, ही सबबही खोटी नव्हती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर रोजी चार विरुद्ध तीन मतांनी नाव काढण्याच्या बाजूने निकाल दिला, छापलेल्या मतपत्रिका रद्दीत गेल्या आणि ६ सप्टेंबरला सुरू होणारे टपाली मतदान दोन आठवड्यांनी लांबले.

हे सारे वाचून घरी कोणी म्हणेल की आपलेच बरे. एका अर्थाने ते खरेही आहे आणि येथील मित्रांना ते ऐकवताना माझी मान ताठ होते. विधानसभेसाठी अपक्ष उमेदवाराला मतदारसंघातील दहा सूचक आणि दहा हजार रुपये अनामत पुरते; २०२४ मध्ये महाराष्ट्रात २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार उभे होते, हे सांगितल्यावर समोरच्या माणसाचा विश्वास बसत नाही. सीमाभागातील मराठी माणसाने तर या उघड्या दाराचाच आंदोलनासाठी उपयोग केला होता. १९९६ मध्ये बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले, ते काही निवडून येण्यासाठी नव्हते. त्याच वर्षी कायदा बदलला, लोकसभेची अनामत पाचशेवरून दहा हजारांवर गेली आणि अपक्षांना दहा सूचक लागू झाले, याचाही मी तत्परतेने उल्लेख करतो, म्हणजे आपणही दार थोडे लोटले आहे असे दिसावे.

मग कोणी रायगडची आठवण काढली की मी विषय बदलतो. २०१४ मध्ये सुनील तटकरे तेथे २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मते पडली. दहा सूचक जमवणे सोपे असेल, तर नामसाधर्म्याचा उमेदवार उभा करणेही तितकेच सोपे असते. पण म्हणून सह्यांची संख्या हजारांत न्यावी हे मला पटत नाही. नॉर्थ कॅरोलायनातील इतक्या हजार सह्यांनीही मतविभागणीची धास्ती कमी झालेली नाही, ती फक्त मतदानाच्या दिवसाऐवजी मंडळाच्या बैठकीत आणि माझ्या फोनवर आली.

सही करणारा मी स्वतः मतदानाच्या दिवशी दोन मोठ्या पक्षांपैकीच एकाला मत देतो, हे वाचकांना विसंगत वाटेल. मला तसे वाटत नाही. उमेदवार उभा राहू शकावा ही एक गोष्ट आहे आणि त्याने राज्य चालवावे ही दुसरी. सूचक म्हणून सही करणाऱ्याने मतही त्यालाच द्यावे असा दंडक आपल्याकडेही नाही. माझी स्वतःची नोंदणी कोणत्याही पक्षात नाही. असे पक्षविरहित मतदार २०२२ पासून या राज्यातील सर्वांत मोठा गट आहेत, डेमोक्रॅटांपेक्षा मोठा आणि रिपब्लिकनांपेक्षाही. पावटक्क्याची सवलत नव्या पक्षाला मिळाली. राज्यव्यापी पदासाठी पक्षाशिवाय उभे राहणाऱ्याला आजही तिच्या सहापट, दीड टक्का सह्या लागतात. मंडळाच्या नेमणुका आता गव्हर्नरकडून काढून राज्याच्या रिपब्लिकन ऑडिटरकडे, म्हणजे लेखापरीक्षकाकडे, दिल्या आहेत, त्यामुळे बहुमत डेमोक्रॅटांकडून रिपब्लिकनांकडे गेले. पाच खुर्च्यांपैकी एकीवरही पक्षविरहित मतदाराला बसता येत नाही, ते तसेच आहे.