पालखीच्या दिवशी भेकराईनगरहून सातारा रोडला डायलिसिसला जाऊन आलो त्याचा वृत्तांत

आमचं घर पुण्यात हडपसरच्या पुढे भेकराईनगरला, सासवड रोडच्या फुरसुंगी गावाकडच्या बाजूला, आणि पालखी ह्याच रोडने जाते. सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार असं असतं आणि सेंटर सातारा रोडला. २०२४ला माऊलींची पालखी पुण्यातून सासवडला निघाली ती २ जुलैला, मंगळवारी. म्हणजे नेमका आमचा वार. डायलिसिस म्हणजे काय दाढ काढायचं काम नाही की आज राहिलं तर चार दिवसांनी जाऊ, एक दिवस चुकला तरी अंगात पाणी साठतं, धाप लागते. त्यामुळे जायचं तर होतंच. त्या दिवसाचं सगळं लिहून ठेवतेय कारण आपल्या पट्ट्यात असे पेशंट घरोघरी आहेत आणि दरवर्षी पालखीच्या आदल्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर तेच प्रश्न येतात.

एक आधी सांगते, ही तक्रार पालखीबद्दल नाहीये. अण्णांनी स्वतः अकरा वाऱ्या केल्यात. माझा मुद्दा एवढाच की रस्ता बंदची जी माहिती येते ती आरपार जाणाऱ्यांसाठी असते. सासवडला जायचंय तर बोपदेव घाटाने जा, मोठी गाडी असेल तर कात्रज, कापूरहोळ, नारायणपूरवरून जा. ठीक आहे. पण जो माणूस हडपसरचं गाडीतळ आणि दिवे घाटाच्या मधे राहतो त्याला पर्यायी मार्ग सांगून काय उपयोग, त्याला घरातून निघून रस्त्याच्या पलीकडे कुठून आणि किती वाजता जाता येईल हे पाहिजे असतं. ते कुठेच लिहिलेलं नसतं.

तर आम्ही काय केलं, सोमवारी संध्याकाळीच गाडी रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवली. ह्यांची ताई हांडेवाडी रोडला राहते, तिच्या पार्किंगमध्ये. ही आयडिया खालच्या मजल्यावरच्या काकूंची, आणि सगळ्या दिवसात हीच एक गोष्ट शंभर टक्के कामाला आली. दूध, औषधं, भाजी पण सोमवारीच आणून ठेवली. सेंटरला फोन करून सांगितलं की साडेसातचा स्लॉट आहे पण उशीर होईल, मशीन दुसऱ्याला देऊ नका. हा फोन विसरू नका, आम्ही खरंच पाऊण तास उशिरा पोचलो आणि मशीन ठेवलं होतं म्हणून निभावलं.

मंगळवारी पावणेसहाला निघालो. मला वाटलेलं एवढ्या लवकर रोड मोकळा असणार, कारण पालखी पुण्यातून निघते पहाटे, हडपसरला यायला नऊ-दहा तरी वाजणार. पण पालखी आणि वारकरी एकत्रच येतात असं काही नसतं, किती तरी माणसं रात्रीच निघालेली असतात कारण पुणे ते सासवड जवळपास तीस किलोमीटरचा टप्पा आहे, सगळ्या वारीतला मोठा, आणि शेवटी घाट. आम्ही मेन रोडला आलो तेव्हा रस्ता माणसांनी भरून वाहत होता आणि बॅरिकेड लागलेले.

अण्णा व्हीलचेअरवर, हे ढकलतायत, माझ्या हातात फाईल आणि डबा. रस्ता ओलांडायचा कसा ते अण्णांनीच सांगितलं, आणि हे नीट लक्षात ठेवा. दिंडी मधून कापायची नाही. आधी पताका येतात, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, आणि त्यांच्या मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. तुळशीवाल्या दिसल्या की दिंडी संपत आली समजायचं, त्यांच्या मागे थोडी फट पडते, तेवढ्यात पलीकडे जायचं. आम्ही दोन दिंड्या जाऊ दिल्या. तिसरीच्या मागे फट दिसली तेव्हा ह्यांनी नुसतं "माऊली, पेशंट आहे" म्हटलं तर एका आजोबांनी दोन्ही हात पसरून मागच्या लोकांना थांबवलं, एका पोरानं खुर्ची पुढून उचलून डिव्हायडरवरून पलीकडे घेतली. पाच मिनिटांत पार झालो. अण्णांनी मधेच खुर्ची थांबवायला लावली आणि खाली वाकून एकाच्या पायाला हात लावला, त्यानं परत अण्णांच्या पायाला लावला. मला तेव्हा घाई होती, आता आठवलं की गळा भरून येतो.

पलीकडे मंडळाचा स्टॉल होता, एकादशी म्हणून केळी आणि राजगिऱ्याचे लाडू वाटत होते. अण्णांना केळं दिलं, त्यांनी कपाळाला लावून माझ्याकडे दिलं. किडनीच्या पेशंटला केळं चालत नाही, पोटॅशियम असतं. घरात असे पेशंट असतील तर आधीच समजावून ठेवा, कारण प्रसाद म्हणून नाही म्हणवत नाही आणि पाणी, चहा पण लोक प्रेमाने आग्रह करून पाजतात.

सव्वासहाला ताईकडून गाडी काढली. हांडेवाडी, उंड्री, खडी मशीन चौक, कात्रज. एरवी हे चाळीस-पन्नास मिनिटांचं, त्या दिवशी दोन तास लागले. कारण सासवडची गाडी, सोलापूर रोड टाळणारी गाडी, कंटेनर, सगळेच ह्या एका रस्त्यावर. आणि कात्रज-कोंढवा रस्त्याचं रुंदीकरण तर २०१८ पासून चाललेलं, ८४ मीटरचा होणार होता तो ५० मीटरवर आला तरी काम संपलेलं नव्हतं, कात्रज चौकात पुलाचं काम वेगळंच. पर्यायी मार्ग म्हणून जो दाखवतात तोच खोदलेला असेल तर तिथल्या लोकांचे पण हालच. पिसोळीत एक बाई स्कूटरवर दोन मुलांना शाळेत सोडायला निघालेल्या, अर्धा तास आमच्या शेजारी उभ्या होत्या, त्यांचा तर पालखीच्या रस्त्याशी काही संबंध पण नव्हता. त्यामुळे उंड्री, पिसोळी, कोंढव्याच्या लोकांनी पण त्या दिवशी आपला रस्ता बंद आहे असंच धरून चालावं.

चूक झाली ती येताना. चार तासांचं डायलिसिस होऊन पाऊणला बाहेर पडलो. बातम्यांत दाखवत होते की माऊलींचा रथ हडपसरच्या पुढे गेला, मी म्हटलं मग स्वारगेटवरून सोलापूर रोडनेच जाऊ, गाडीतळावरून सरळ घर. अण्णा मागून म्हणत होते की रथ गेला म्हणजे दिंड्या गेल्या असं नसतं, रथाच्या पुढे फक्त २७ दिंड्या असतात, बाकी सगळ्या मागे. मी ऐकलं नाही. वैदूवाडीच्या अलीकडे अडकलो ते अडकलोच, तुकोबांची पालखी पण गाडीतळापर्यंत त्याच रोडने जाते, मग ती लोणी काळभोरकडे सरळ आणि माऊली उजवीकडे सासवडला. म्हणजे हडपसरला दोन्ही पालख्यांची गर्दी. डायलिसिसनंतर अण्णांचं बीपी उतरतं, त्यांना आडवं करायला पाहिजे होतं आणि आम्ही उन्हात गाडीत. शेवटी कशीतरी गाडी वळवली, परत कोंढव्यावरून ताईकडेच गेलो, अण्णांना तिथे झोपवलं आणि संध्याकाळी सातनंतर घरी आलो. हे मी सकाळीच ठरवायला हवं होतं. जिथे गाडी ठेवलीय तिथेच दुपार काढायची, घरी जायची घाई करायची नाही.

रथ वडकी नाल्याला दुपारी विसाव्याला थांबतो, मग घाट चढायला जास्तीच्या बैलजोड्या लावतात. माझा अनुभव असा की रथ घाटात लागल्याशिवाय आणि मागचे ट्रक, टँकर निघून गेल्याशिवाय भेकराईनगरला गाडी नीट चालवता येत नाही. चालत मात्र कधीही ओलांडता येतं, तेवढा धीर ठेवा.

अजून थोडं. फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर राहू नका, गर्दीत नेटवर्क जातं आणि गल्लीच्या तोंडाला लावलेलं बॅरिकेड त्यात दिसत नाही. हॉस्पिटलची फाईल वरच ठेवा, आम्हाला मंतरवाडीकडच्या एका बॅरिकेडवर फाईल दाखवल्यावर सोडलं. फारच जास्त झालं तर गाडीचा हट्ट नको, १०८ला फोन करा, ॲम्ब्युलन्सला वारकरी स्वतःहून वाट करून देतात. बस त्या दिवशी अर्ध्यावर थांबतात, गाडीतळापासून तीन-चार किलोमीटर चालायची तयारी ठेवा.

तारीख कॅलेंडरमध्ये आधीच कळते. ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या सुमाराला आळंदीहून प्रस्थान, पुण्यात दोन मुक्काम, एकादशीच्या आसपास दिवे घाट. २०२५ला २२ जून आला, रविवार होता म्हणून आम्ही वाचलो. २०२६ला अधिक ज्येष्ठ आलाय त्यामुळे आषाढी थेट २५ जुलैला आणि आपल्या भागातून पालखी जुलैच्या १० तारखेच्या आसपास जाणार, नक्की दिवस सोहळ्याच्या पत्रकात बघून घ्या. १० तारखेला शुक्रवार आहे, ११ला शनिवार. शनिवार आला तर परत आमचाच वार. ताईला सांगून ठेवलंय की आदल्या रात्री गाडी तुझ्याकडे आणि दुपारचं जेवण पण तुझ्याकडेच, अण्णांसाठी बिनमिठाचं.