रस सांडला तर आधी पाणी, मग अल्कोहोल

गेल्या चैत्रात पुण्याहून फलटणला माहेरी जाताना आम्ही लोणंदच्या एका रसवंतीवर थांबलो आणि मुलासाठी उसाच्या रसाचा एक ग्लास गाडीत सोबत घेतला. तरडगाव जवळ आले असताना एका गतिरोधकावर गाडी उसळली आणि जवळजवळ भरलेला तो ग्लास समोरच्या डॅशबोर्डवर पालथा झाला. एसीच्या गोल बटणांवरून आणि धोक्याच्या दिव्याच्या लाल त्रिकोणी बटणावरून ओघळत तो रस खाली आला आणि गिअरच्या दांड्यामागे, जिथे आमच्या गाडीत चारही काचांची बटणे एका पट्टीत बसवलेली आहेत, तिथे साचला.

पहिल्या दोन मिनिटांत माझ्याकडून एक चूक झाली. हाताला लागले ते टिश्यू पेपर घेऊन मी बटणे जोर लावून घासून पुसली. त्यामुळे वरचा रस दिसेनासा झाला, पण दाबामुळे तो बटणांच्या फटींतून आत उतरला. थोड्याच वेळात डावीकडची काच कोणी हात न लावता खाली गेली आणि बटण वर ओढले तरी ती हलेना. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. गाडीत सॅनिटायझरची बाटली होती आणि अल्कोहोलने सगळे स्वच्छ होते, लगेच वाळते, असे मनात पक्के बसलेले असल्यामुळे ती त्या पट्टीवर ओतण्याच्या बेतात मी होते. त्याआधी अण्णांना फोन लावला, हे फार बरे झाले. माझे वडील एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते आणि उसाच्या रसाशी त्यांचा आयुष्यभर संबंध आला आहे.

“सॅनिटायझर अजिबात ओतू नकोस,” ते म्हणाले. “आधी गाडीची किल्ली काढ. मग बॅटरीची उणे बाजूची वायर सोडव आणि मला परत फोन कर.”

किल्ली काढल्यावर सगळी वीज बंद होते, असे आपल्याला वाटते, पण तसे नसते. धोक्याचे दिवे किल्लीशिवायही लागतात, म्हणजेच त्या बटणापर्यंत बॅटरीची वीज सदैव येऊन थांबलेली असते. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. उसाच्या रसात मात्र क्षार असतात, वरून लिंबू पिळलेले असते आणि कधी चिमूटभर मीठही असते, त्यामुळे दोन तांब्याच्या रेषांमध्ये असा थेंब अडकला की तो वीज वाहून नेतो. काच आपोआप खाली गेली ती बहुधा त्यामुळेच. शिवाय वीज चालू असेल तर ओल्या क्षारांमुळे तांबे झपाट्याने झिजते आणि त्यावर हिरवट गंज चढतो. असे बिघाड पहिल्या दिवशी न दिसता काही आठवड्यांनी डोके वर काढतात, म्हणून रस पुसण्याच्याही आधी वीज तोडायची असते.

तरडगावच्या पंक्चरच्या दुकानातून दहा नंबरचा पाना मिळाला. बॅटरीची उणे बाजू आधी सोडवायची, कारण उलटे केले आणि धन बाजू सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी पडते. जोडताना क्रम उलटा, म्हणजे उणे बाजू शेवटी. त्याच दुकानातून मी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेतली. अशा दुकानांत बॅटरीचे ॲसिडही तशाच बाटल्यांत ठेवलेले असते, तेव्हा लेबल नीट वाचल्याशिवाय बाटलीला हात लावू नये.

मग जुन्या सुती ओढणीचे तुकडे करून ते बटणांवर नुसते ठेवले आणि रस त्यांना शोषू दिला, अजिबात न घासता. फटींतला रस काढायला औषधाच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज उपयोगी पडली. तिचे टोक फटीला लावून दट्ट्या मागे ओढला की आत साचलेला रस वर येतो, आणि एवढ्याशा फटींतून दोन-तीन चमचे रस निघालेला पाहून मला आश्चर्य वाटले. पंक्चरवाल्या दादांनी पट्टी अलगद उचकटून तिच्या खालचा कनेक्टर सुटा करून दिला. कनेक्टरला एक छोटी खुंटी असते. ती दाबून कनेक्टरच धरून ओढायचा असतो, वायरींना ओढायचे नसते. आता त्या बटणांना वीज मिळणार नव्हती, म्हणून बॅटरी पुन्हा जोडून, डावी काच उघडी ठेवूनच आम्ही फलटण गाठले.

घरी अण्णांनी मला जे समजावून सांगितले, त्यासाठीच मी हे लिहीत आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूवर काही सांडले की अल्कोहोलने पुसा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तेलकट डाग किंवा साधे पाणी यांच्यासाठी तो योग्यही आहे. पण साखर अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. साखर कारखान्यात पॅनमध्ये, म्हणजे रस आटवण्याच्या भांड्यात, दाणा धरवण्यासाठी जी सीड स्लरी (साखरेच्या बारीक कणांचे पातळ मिश्रण) लागते, ती करताना साखर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्येच दळतात. साखरेचे अतिसूक्ष्म कण त्या द्रवात जसेच्या तसे राहतात, म्हणून तर ते वापरायचे. ज्या द्रवात साखर विरघळू नये म्हणून कारखाना तो मुद्दाम निवडतो, तोच द्रव साखर धुवायला कसा चालेल, असे अण्णांनी विचारले तेव्हा मला सॅनिटायझरची ती बाटली आठवली. सॅनिटायझरमध्ये तर अल्कोहोलबरोबर जेल आणि ग्लिसरीनही असते आणि तेही बटणांखाली चिकटून बसले असते.

याउलट २० अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. उसाच्या रसात साधारण १२ ते १५ टक्के साखर असते, म्हणजे आमच्या ग्लासात पंचवीस-तीस ग्रॅम असेल. ती काढायला पाण्याइतके चांगले दुसरे काही नाही. नळाचे पाणी मात्र नको, कारण ते वाळले की त्यातले क्षार मागे राहतात.

वेळही महत्त्वाचा असतो. उसाचा रस उन्हाळ्यात काही तासांतच आंबू लागतो. शिळ्या रसात जिवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ तयार करतात, आणि ऊस तोडल्यावर लवकर गाळपाला न्यावा असा आग्रह धरण्यामागे तेही एक कारण आहे. प्रयोगशाळेत डेक्स्ट्रानचा अंदाज घेताना रसात अल्कोहोल घालून किती गढूळपणा येतो ते पाहतात, कारण डेक्स्ट्रान अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, तो वेगळा होऊन बाहेर पडतो. म्हणून आम्ही काम उद्यावर न टाकता त्याच संध्याकाळी बसलो.

प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढत आम्ही पट्टीचे क्लिप सोडवले. आत बटणांखाली रबराची पातळ गादी आणि तिच्यावर कार्बनचे काळे ठिपके होते. बटण दाबले की हे ठिपके खालच्या सर्किटवर टेकतात. रस नेमका या गादीखाली पसरला होता. बटणे, गादी आणि सर्किटची पट्टी हे तिन्ही भाग कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये चित्रकलेच्या मऊ ब्रशने धुतले, पाणी बदलून पुन्हा धुतले आणि बोटाला चिकटपणा लागेनासा झाल्यावर तिसऱ्यांदा धुतले. त्यानंतर मात्र अल्कोहोलची पाळी आली. साखर निघून गेल्यावर उरलेले पाणी बाहेर काढायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फार चांगले, कारण ते पाण्यात मिसळते आणि त्याला सोबत घेऊन लवकर उडून जाते. ते सर्किटवर फिरवताना खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या आणि देवघरातला दिवाही विझवला होता. सगळे भाग रात्रभर पंख्याखाली ठेवले. हेअर ड्रायरच्या गरम झोताने प्लास्टिक वाकते, म्हणून तो वापरू नये. डब्ल्यूडी-४० सारखा गंज सोडवायचा फवाराही इथे नको, कारण त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते.

एसीची बटणे ओढून निघाली, पण त्यांच्यामागचा भाग आम्ही उघडला नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून पिळून घेतलेल्या कापसाच्या काड्यांनी दांडे आणि फटी पुसल्या. पडद्याच्या आणि मीटरच्या पारदर्शक आवरणाला अल्कोहोल लावले नाही, कारण ते ॲक्रिलिकचे असेल तर त्यावर बारीक तडे जातात.

एका बाबतीत अण्णांनी मला स्पष्ट मनाई केली. गिअरखालच्या भागात अनेक गाड्यांत एअरबॅगचे नियंत्रण यंत्र असते आणि एअरबॅगच्या वायरींचे कनेक्टर पिवळ्या रंगाचे असतात. पिवळे काही दिसले तर हात मागे घ्यायचा. रस तिथपर्यंत गेल्याची शंका असेल किंवा गाडी सुरू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत न विझता तसाच राहिला, तर ते काम प्रशिक्षित माणसाचेच आहे. विजेवरच्या गाडीत नारिंगी वायरींबाबतही हेच पाळावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जोडले. एअरबॅगचा दिवा नेहमीप्रमाणे विझला आणि चारही काचा चालू लागल्या. बॅटरी सोडवल्यामुळे घड्याळ पुन्हा लावावे लागले, आणि चालकाच्या बाजूची एका स्पर्शाने वर जाणारी काच ते विसरली होती. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच ओढून धरल्यावर ती पुन्हा नीट चालू लागली.

मला वाटले काम संपले. तिसऱ्या दिवशी पुण्याला निघण्यापूर्वी दार उघडले, तर मुंग्यांची एक बारीक रांग सीटखालून निघून हँडब्रेकच्या कातडी आवरणात शिरत होती. त्या आवरणाच्या तळाशी रस साचून राहिला होता आणि आम्हा दोघांच्याही ते लक्षात आले नव्हते. आवरण वर उचलून तो कोपरा पाण्याने तीन वेळा पुसून घेतला, मुंग्या निघून जाईपर्यंत दारे उघडी ठेवली आणि तासाभराने अण्णांनी तिथे बोट फिरवून पाहिले. “आता चिकट नाही, निघा,” ते म्हणाले.