व्हिसाची मुदत वेगळी, मुक्कामाचे दिवस वेगळे

"जिभाऊ, दहा वर्षांचा मिळाला, म्हणजे आता दहा वर्षं राहता येईल ना?" अमेरिकेचा व्हिसा छापून आला की जळगाव-धुळ्याकडे हा प्रश्न ठरलेला. नाही राहता येत. त्या दहा वर्षांत केव्हाही तिथल्या विमानतळावर जाऊन उभं राहता येईल, एवढाच त्याचा अर्थ. मुक्काम किती ते समोरचा अधिकारी त्या दिवशी ठरवतो. पर्यटकाला बहुतेक वेळा सहा महिने मिळतात आणि शेवटची तारीख आय-९४ नावाच्या ऑनलाइन नोंदीत पडते. ती उतरल्यावर काढून बघायची. ब्रिटनचंही असंच आहे. व्हिसा दोन, पाच, दहा वर्षांचा असो, एका फेरीत सहा महिन्यांच्या वर राहता येत नाही.

सहा-आठ महिने किंवा वर्षभर फिरणाऱ्याने व्हिसावरचे तीन आकडे सुटे सुटे वाचायची सवय लावावी. आत शिरायची मुदत कधीपासून कधीपर्यंत, आत राहायचे दिवस किती, आणि शिरायचं किती वेळा. युरोपच्या शेंगेन व्हिसाचं स्टिकर समोर धरा (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट). त्यावर समजा '१० मे ते ८ जून' छापलंय आणि खाली वेगळ्या रकान्यात '१५'. प्रवास पंधरा दिवसांचा. विमान पुढे-मागे झालं तर अडचण नको म्हणून मुदतीत आणखी पंधरा दिवसांची सवड दिलेली असते. ती सवड मुक्कामाची नव्हे. १० मेला उतरलात तर २४ मे हा शेवटचा दिवस. 'मुदत ८ जूनपर्यंत आहे की' म्हणून थांबलात तर पंधरा दिवस बेकायदा राहिलात, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते आडवं येतं. तिसरा आकडा '०१' असेल तर फ्रान्समधून स्वित्झर्लंडला खुशाल जा, दोन्ही शेंगेनमध्येच आहेत. पण मधेच लंडन किंवा इस्तंबूलला गेलात की तो एक प्रवेश संपला, परतीचं दार बंद.

वारंवार प्रवेशाचा व्हिसा असला की ९०/१८० चा हिशेब सुरू होतो. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. जायचा दिवस धरायचा, यायचाही धरायचा. रात्री साडेअकराला उतरलात तरी तो पूर्ण दिवस. हे १८० दिवस जानेवारी-जून असे कॅलेंडरचे नाहीत. आजच्या तारखेपासून मागे मोजायचे, आणि उद्या ती १८० दिवसांची खिडकी एक दिवस पुढे सरकते. एक उदाहरण करूनच बघा. १ मार्च ते २९ एप्रिल, ६० दिवस राहिलात. बाहेर पडलात आणि १ जुलैला परत आलात. मागचे सगळे ६० अजून खिडकीत आहेत, हातात राहिले ३०. म्हणजे ३० जुलैला बाहेर पडावंच लागेल. आता तोच माणूस १ जुलैऐवजी १ ऑगस्टला आला असता तर? २८ ऑगस्टपासून मार्चमधला एकेक दिवस खिडकीतून गळायला लागतो, रोज एक नवा चढतो आणि एक जुना उतरतो, आणि तो थेट २९ ऑक्टोबरपर्यंत, पुरे ९० दिवस, राहू शकतो. एक महिना उशीर, साठ दिवसांचा फायदा. युरोपियन युनियनच्या संकेतस्थळावर यासाठी फुकट कॅल्क्युलेटर आहे. तिकीट काढायच्या आधी तारखा त्यात घालून बघाव्यात.

पूर्वी अधिकारी शिक्के उलटेपालटे बघून दिवस मोजायचा, कधी कधी चुकायचाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस ही शेंगेनमध्ये येण्या-जाण्याची नोंद ठेवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, दिवस संगणक मोजतो. 'शिक्का पुसट होता साहेब' हे आता चालायचं नाही. जुन्या ब्लॉगांतला आणखी एक सल्ला टाकून द्या: दिवस संपत आले की क्रोएशिया, रोमेनिया किंवा बल्गेरियात जाऊन बसा. क्रोएशिया २०२३ च्या सुरुवातीला शेंगेनमध्ये आला, उरलेले दोघे १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे. तिथला दिवसही आता त्याच खात्यात पडतो.

लांबच्या प्रवासाचा क्रम लावताना बहुतेकांचं चुकतं ते इथे. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो, आणि तो आपण जिथले रहिवासी आहोत तिथूनच करायचा असतो. बँकॉकमध्ये पर्यटक म्हणून उतरलेल्या भारतीयाचा अर्ज तिथला दूतावास सहसा घेत नाही. अमेरिकेनेही सप्टेंबर २०२५ पासून, नागरिक असाल किंवा रहिवासी असाल त्या देशातूनच मुलाखत द्या, असं सांगितलंय. थोडक्यात, 'आधी आठ महिने आशिया, मग युरोप' हा बेत भारतीय पासपोर्टावर मधे घरी आल्याशिवाय सहसा जमत नाही. युरोप पहिल्या सहा महिन्यांत बसवा, ई-व्हिसावाले देश मागे ठेवा. शेंगेनच्या अर्जासाठी बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात. त्यामुळे दुसऱ्या वेळी भुसावळहून रात्रीची गाडी पकडून मुंबईला ठशांसाठी जाणं बरेचदा वाचतं. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी एक सोय झालीये: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. नीट वापरले म्हणजे वर सांगितलेले दिवस पाळले.

आता पैशांची कागदपत्रं, कारण आपल्याकडच्या घरांत अडतं ते यात. नोकरदाराची पगारपत्रकं सरळ असतात. केळी-कापसाच्या घराचं बँक स्टेटमेंट तसं नसतं. चार महिने खात्यात काही हलत नाही आणि एके दिवशी एकदम मोठी रक्कम येते. वाचणाऱ्या परदेशी अधिकाऱ्याला रावेर-यावलची केळी माहीत नाही. त्याला ती रक्कम अर्जापुरती कोणाकडून उसनी घेऊन भरलेली दिसते. नकार येण्यामागे हे एक नेहमीचं कारण. म्हणून प्रत्येक मोठ्या जमेपुढे कागद लावा: व्यापाऱ्याची केळीची पट्टी, जिनिंगची किंवा बाजार समितीची कापूस विक्रीची पावती, आणि स्टेटमेंटवर त्या ओळीशी पेन्सिलीने क्रमांक. सातबारा आणि आठ-अ डिजिटल सहीचे काढा (सातबाऱ्याला १५ रुपये लागतात) आणि इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवलेलं असावं. तिथे शून्य आणि इथे लाखो, हे जुळत नाही. जमीन वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर खर्च करण्याचं त्यांचं पत्र आणि नात्याचा पुरावा लागतोच. सोबत अर्ध्या पानाचं पत्र लिहा: कापूस कधी विकला जातो, केळीचा पैसा कधी येतो, माझ्या मागे शेत कोण बघणार. हे शेवटचं वाक्य विसरू नका. तुम्ही परत येणार, हे त्यावरूनच पटतं.

पासपोर्टाचं थोडक्यात. लांब फिरायचं तर ३६ ऐवजी ६० पानांचा घ्या, फी ५०० रुपये जास्त. बऱ्याच देशांना प्रवेशाच्या दिवशी सहा महिने मुदत शिल्लक हवी असते, काहींना कोरी पानं. मुदत वर्षावर आली असेल तर नवा करूनच निघा. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. नुसतं एकच नाव असलेल्या पासपोर्टावर पर्यटक म्हणून येणाऱ्यांना संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून मनाई केलीये. गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लिहिलेली जन्मतारीख अडचणीची नाही, पण ती सगळ्या कागदांवर एकच असू द्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचा पासपोर्ट एका नावाचा आणि बँक खातं दुसऱ्या नावाचं, हे मात्र नक्की अडतं.

खरी पहिली सीमा मुंबईच्या विमानतळावर, चेक-इनच्या काउंटरलाच असते. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणणं विमान कंपनीच्या गळ्यात पडतं, वर दंड होऊ शकतो. म्हणून काउंटरवरचा माणूस टायमॅटिक या यादीत तुम्ही जाताय त्या देशाचा नियम बघतो आणि त्यात परतीचं किंवा पुढचं तिकीट लिहिलं असेल तर ते मागतो. 'मी बसने पुढे जाणार आहे' हे उत्तर त्याच्या पडद्यावर बसत नाही. कोणी शेदोनशे रुपयांत बनावट तिकीट करून देतो म्हणाला तर घेऊ नका, क्रमांक तिथेच तपासता येतो. रद्द केल्यावर पैसे परत देणारं खरं तिकीट किंवा शेजारच्या देशाचं स्वस्त तिकीट हा सरळ मार्ग. दोन विमानं वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर मधल्या विमानतळावर बहुतेकदा बॅग उचलून बाहेर यावं लागतं. तेव्हा नुसता विमान बदलण्यापुरता ट्रान्झिट व्हिसा नव्हे, प्रवेशाचा व्हिसा लागतो.

आग्नेय आशियात नियम सोपे, पण बदलते. थायलंडने भारतीयांना नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हिसाविना ३० दिवस दिले, जुलै २०२४ मध्ये ते ६० केले. त्यामुळे मागच्या वर्षीचा व्हिडिओ बघून जाऊ नका, तिकिटाच्या आठवड्यात दूतावासाचं पान उघडा. थायलंडला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत टीडीएसी हा आगमनाचा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो, १ मे २०२५ पासून. तो फुकट आहे; पैसे मागणारं पान सरकारी नाही. व्हिसाविना जमिनीवरून प्रवेश कॅलेंडर वर्षात दोनदाच. मुदतीपेक्षा जास्त राहिलात (ओव्हरस्टे) तर दंड रोज ५०० बात, कमाल २०,००० बात. नव्वद दिवसांच्या वर गेलात तर दंड भरूनही प्रवेशबंदी. इंडोनेशियात रोजचा दंड दहा लाख रुपिया, आणि तिथे उतरल्याचा दिवस पहिला धरतात: ५ जानेवारीला उतरलात तर ३० वा दिवस ३ फेब्रुवारी, ४ नव्हे. 'महिनाभर' असं मनात धरून तिकीट काढणारा इथे फसतो.

व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा, एका प्रवेशाला २५ डॉलर, अनेक प्रवेशांना ५०. यात दोन खाचखळगे. एक, दिवस तुम्ही पोहोचल्यापासून नव्हे, कागदावर छापलेल्या तारखेपासून मोजले जातात. दुसरा, ई-व्हिसा ठरावीक नाक्यांवरच चालतो आणि शिरायचा नाका अर्जातच निवडायचा असतो. लाओसमधून बसने येताना यादीत नसलेल्या नाक्यावर उतरलात तर माघारी. पासपोर्टाच्या खालच्या दोन ओळींत नाव जसं आहे तसंच, मधलं वडिलांचं नाव धरून, टाका. एक अक्षर चुकलं तरी फी परत मिळत नाही, अर्ज नव्याने.

यात्रेच्या गाड्या गावागावांतून नेपाळला जातात, म्हणून हेही. पशुपतिनाथ, मुक्तिनाथला व्हिसा नाही, पण आधार कार्ड चालतं ते १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांना. मधल्या वयाच्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. साठीच्या आप्पांजवळ आधारची रंगीत प्रत असते आणि मतदार कार्ड घरी कपाटात, असं नको. भूतानलाही या दोनपैकी एक कागद, शिवाय दर रात्री १,२०० रुपये विकास शुल्क.

केनिया-युगांडाकडे वळणार असाल तर पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ते नसेल तर अडवणूक परतीच्या वेळी भारतातही होते, सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात.

एक छोटी वही ठेवा, मोबाईल हरवतो. पानाला पाच रकाने: देश, शिरल्याची तारीख, शेवटचा दिवस, कुठला नाका, वापरलेले प्रवेश. इमिग्रेशनचा शिक्का पडला की तिथेच, काउंटर सोडण्याआधी, पासपोर्ट उघडा. थायलंडच्या शिक्क्यावर दोन तारखा असतात, शिरल्याची आणि थांबायची. दुसरी तुमच्या हिशेबाशी जुळते का ते बघा. अधिकाऱ्याचा शिक्का आदल्या महिन्यावर राहिला असेल, तर तो तुमच्यासमोर आहे तोवर अर्ध्या मिनिटात दुरुस्त होतो. बाहेर टॅक्सीत बसल्यावर लक्षात आलं, तर इमिग्रेशनच्या कार्यालयात एक पूर्ण दिवस जातो.